इतिवृत्ताची वही

इंदूरला शिकत असताना आमच्या गणित मंडळाचा मी दोन वर्षे चिटणीस होतो. शनिवारी दुपारी एखादा वर्ग मोकळा मिळवावा, खडू जमवावेत आणि सभा संपली की इतिवृत्त लिहावे, एवढीच त्या पदाची कर्तव्ये. सभासद वीसच्या वर कधी गेले नाहीत. परीक्षेत न विचारले जाणारे गणित करावयाचे, हा आमचा एकमेव नियम. घरच्यांना तो वेळेचा अपव्यय वाटे. आम्हाला मात्र आठवड्यातील तेवढेच दोन तास आपले वाटत.

१९७१ च्या पावसाळ्यात मी पुठ्ठ्याचे नऊ चौरस कापून सभेत नेले. बाजू १, ४, ७, ८, ९, १०, १४, १५ आणि १८. कोणतेही दोन सारखे नाहीत. तरीही नीट जुळवले तर त्यांचा ३३ बाय ३२ असा आयत होतो आणि कोठे फट राहत नाही. मोरोन या पोलिश गणितज्ञाने १९२५ साली तो दाखवून दिला होता. आयत साधतो, तर असमान चौरसांचा मोठा चौरस साधेल काय? या प्रश्नाने १९३५ नंतर केंब्रिजमधील चार विद्यार्थ्यांना झपाटले होते. ब्रुक्स, स्मिथ, स्टोन आणि टट हे चौघेही ट्रिनिटी महाविद्यालयाच्या गणित मंडळातले. टट तर तेव्हा रसायनशास्त्र शिकत होते. पुढे टट यांनीच लिहिलेली ती हकीकत मला ग्रंथालयात सापडली होती. ब्रुक्स यांनी एका आयताचे तुकडे कापून त्यांचे कोडे केले. त्यांच्या आईने ते सोडवले. पण तिने जुळवलेली रचना मुलाच्या रचनेहून निराळी निघाली! त्या धक्क्यासरशी मंडळींची तातडीची बैठक भरली. चौरसांची मांडणी ही जणू विजेच्या तारांची जाळी आहे, असे मानून त्या चौघांनी वाट काढली आणि १९४० साली आपला निबंध प्रसिद्ध केला.

हे सारे सांगून झाल्यावर मी ऐटीत पुढचा प्रश्न टाकला. चौरसाचे जे होते, ते घनाचे होईल काय? एक घन पेटी असमान घन ठोकळ्यांनी पुरती भरता येईल काय? येणार नाही, असा माझा दावा होता. तीन आठवडे मी समीकरणांनी वह्या भरल्या होत्या आणि त्या दिवशी दोन फळे भरूनही सिद्धता हाती लागत नव्हती. तेव्हा मागच्या बाकावरून पहिल्या वर्षाच्या एका मुलीने विचारले, "तळाशी जो सर्वांत लहान ठोकळा असेल, तो कडेला असेल की मध्ये?"

मी हसलो. पण हसणे संपण्यापूर्वीच मला कळून चुकले. तो कडेला असू शकत नाही. म्हणजे त्याच्या चारी बाजूंना त्याहून मोठे, उंच ठोकळे उभे. त्याचा माथा म्हणजे एक खड्डा. तो खड्डा भरायला आणखी लहान ठोकळे हवेत, त्यांतला सर्वांत लहान पुन्हा मध्येच, पुन्हा खड्डा. ही उतरण कधी संपणारच नाही. आणि ठोकळे तर मोजकेच. सिद्धता पुरी झाली! माझी समीकरणे फळ्यावर निरुपयोगी उभी होती. ही सिद्धता जगाला जुनी होती. आमच्यापुरती मात्र ती त्या दुपारी जन्मली होती.

रात्री इतिवृत्त लिहिताना मी लिहिले, "चर्चेअंती मंडळाने हा प्रश्न सोडवला." सोमवारी भित्तिपत्रकावर तीच सिद्धता माझ्या वळणदार अक्षरात लागली, खाली सही 'गणित मंडळ'. अक्षर ओळखून लोकांनी मलाच शाबासकी दिली आणि मी ती घेतली. ती मुलगी भित्तिपत्रकासमोर थोडा वेळ उभी राहिलेली मी पाहिली. त्यानंतर ती आणखी दोन सभांना आली. मग आली नाही. का येत नाही, हे मी विचारले नाही.

मनाची समजूत घालायला माझ्याजवळ त्या चौघांचेच उदाहरण होते. त्यांनीही ब्लांश देकार्त अशा एका काल्पनिक बाईच्या नावाने लेखन केले होते. शोध कोणाचा, याचा हिशेब ठेवला नव्हता. फरक कळायला मला बरीच वर्षे लागली. त्या चौघांनी आपापले नाव स्वतःच्या हाताने त्या सामाईक नावात घातले होते. मी दुसऱ्याचे नाव, तिला न विचारता, मंडळात बुडवले होते.

१९७८ साली डायव्हेस्टाइन या डच गणितज्ञाने संगणकाच्या साहाय्याने केवळ २१ असमान चौरसांचा, ११२ बाजूचा चौरस शोधला. यापेक्षा कमी चौरसांत तो होत नाही. ती बातमी वाचली तेव्हा हे कोणाला तरी सांगावे असे वाटले आणि प्रथम तीच आठवली. पुढे मी आयुष्यभर गणित शिकवले. वर्गात कोणी प्रश्न विचारला, की उत्तराआधी विचारणाऱ्याचे नाव फळ्याच्या कोपऱ्यात लिहिण्याची सवय लावून घेतली. विद्यार्थ्यांना ती माझी लहर वाटे.

ती वही अजून माझ्याजवळ आहे. त्या मुलीचा आवाज आठवतो, तिने विचारलेला शब्दन् शब्द आठवतो. नाव आठवत नाही. ते जिथे सापडले असते, ते पान मीच लिहिले आहे.