खडकवासल्याचें खोरें आणि अर्ध्या गुंजेची दारू

पुण्याहून सिंहगडाकडे जाणाऱ्या रस्त्यानें वडगांव, धायरी मागें टाकून सुमारें पांच कोस गेलें म्हणजे मुठेच्या खोऱ्यांत खडकवासल्याचा विस्तीर्ण जलाशय दृष्टीस पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बांधलेल्या या तलावास इंग्रजी अमदानींत फाईफसाहेबाचें नांव होतें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतबरोबर हेंही धरण फुटलें व पुण्यावर काय प्रसंग ओढवला, तें वाचकांच्या घरांतील वडील मंडळींस सांगावयास नको. आज सुट्टीच्या दिवशीं येथें भाजलेलीं कणसें खाणाऱ्यांची दाटी असते. परंतु या खोऱ्याचा दारूगोळ्याशीं जो जुना ऋणानुबंध आहे, तिकडे फारच थोड्यांचें लक्ष जातें.

तलावाच्या दक्षिणेस सिंहगड उभा आहे. पुणे दरवाज्यानें वर गेल्यावर उजव्या हातास एक भक्कम दगडी इमारत लागते. तें दारूचें कोठार. ११ सप्टेंबर १७५१ रोजीं त्यावर वीज पडली आणि गडावरील फडणिसांचें घर माणसांसह उद्ध्वस्त झालें. शोरा, गंधक व कोळसा या तीन निरुपद्रवी दिसणाऱ्या पदार्थांचा संयोग असा उग्र! त्या काळीं ठासणीच्या बंदुकीचा प्रत्येक बार शिपायास स्वतःच भरावा लागे. शिंगांतील दारू नळींत ओतावी, वर गोळी घालावी, गजानें ठासावी. माप हाताच्या अंदाजाचें. म्हणून नेमही अंदाजाचाच असे.

योगायोग असा कीं, याच १७५१ सालीं जुलैमध्यें बेंजामिन रॉबिन्स हा इंग्रज गणिती कंपनीच्या चाकरींत असतां मद्रास इलाख्यांत वारला. टांगलेल्या जड लंबकावर गोळी झाडून, लंबक किती हालला यावरून गोळीचा वेग काढण्याची रीत यानें १७४२ सालीं प्रसिद्ध केली. अंदाजाच्या जागीं गणित आलें, तें येथपासून. पुढें १८८४ सालीं फ्रान्समध्यें व्हिएय यानें बिनधुराची दारू सिद्ध केली आणि पितळेचें नळकांडें, बुडाशीं टोपी, आंत दारू व तोंडाशीं गोळी असें आजचें काडतूस रूढ झालें. पुण्याच्या उत्तरेस खडकी येथें १८६९ पासून दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे. याच खडकींत १९५२ सालीं स्थापन झालेली शस्त्रास्त्रविद्येची संस्था १९६७ सालीं खडकवासल्याशेजारच्या गिरिनगरास आली. पलीकडच्या काठास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिची कोनशिला पं. नेहरूंनीं ६ ऑक्टोबर १९४९ रोजीं बसविली. गडावरील कोठार आणि पायथ्याची विद्यापीठें अशीं एकाच खोऱ्यांत नांदत आहेत.

अमेरिकेंत व दक्षिण आफ्रिकेंत मोठ्या शिकारीचे शौकीन आपलीं काडतुसें अद्यापि घरीं भरतात. वापरलेलें नळकांडें साफ करून, नवी टोपी बसवून ते दारू तराजूनें तोलतात. तिचें माप ग्रेन, म्हणजे धान्याचा कण. आपल्याकडे मनुस्मृतींत तीन यवांचा एक कृष्णल, म्हणजे एक गुंज, सांगितली आहे. त्याच जातीचें हें माप. तोळ्याचे ग्रेन १८० आणि गुंजा ९६; तेव्हां ग्रेन अर्ध्या गुंजेहून किंचित जड. एवढ्या कणासाठीं हा खटाटोप कशाला, असें वाचक विचारतील.

त्याचें उत्तर साध्या त्रैराशिकाच्या पलीकडे फारसें नाहीं. उंचावरून सोडलेला दगड पहिल्या सेकंदांत ४.९ मीटर खालीं येतो. आडव्या धांवणाऱ्या गोळीसही हाच नियम. या काठावरून ६०० मीटरांवर नेम धरला आणि गोळीस तेथवर जाण्यास एक सेकंद लागला, तर ती सुमारें पांच मीटर खालीं उतरणार. नेमबाज तेवढी नळी वर उचलतो. परंतु पुढल्या काडतुसांत दारू कमी पडून गोळीचा वेग शंभरांत दोनांनीं घटला, तर उतार शंभरांत चारांनीं वाढतो, म्हणजे जवळजवळ एक वीत. फळ्यावरील वर्तुळाचें यानें कांहीं बिघडत नाहीं. सांबराच्या बाबतींत मात्र काळीज आणि पोट यांत तेवढेंच अंतर असतें, आणि पोटांत गोळी लागलेलें जनावर रानांत तडफडत मरतें. म्हणून काटेकोर तोलणारा शिकारी निष्काळजी शिकाऱ्याहून खचित भला.

तरीही प्रश्न उरतोच. त्या एका सेकंदांत वाऱ्याची झुळूक येते. सांबर एक पाऊल पुढें टाकतें. हें पाऊल कोणत्या तराजूंत तोलावें? दशरथाची कथा आपल्या घरांतील मुलांसही ठाऊक आहे. घट भरण्याच्या आवाजावर त्यानें अंधारांत बाण सोडला, आणि तो बाण चुकला नव्हता; हीच तर त्या कथेंतील दारुण गोष्ट होय. विद्या पुरी होती, लक्ष्य दिसत नव्हतें. अंतर जसें वाढतें, तसा नेम धरणाऱ्याचा आपल्या सामर्थ्यावरील विश्वास वाढावा आणि लक्ष्याचें ज्ञान घटावें, हा दूरच्या शिकारीचा दोष आहे. तो दारू अचूक मोजल्यानें जात नाहीं. जवळ जाण्यानें, अथवा बंदूक खालीं ठेवण्यानें जातो.

आपल्या देशांत हा वाद कायद्यानें बराचसा मिटविला आहे. १९५९ च्या शस्त्रकायद्यान्वयें परवान्यावांचून काडतुसें तयार करतां येत नाहींत, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें शौकाची शिकार आज बंद आहे. परंतु मापाची विद्या त्यामुळें टाकाऊ ठरत नाहीं. गिरिनगरास ती देशरक्षणासाठीं शिकविली जाते. सुट्टींत मुलांना घेऊन सिंहगडावर जाल, तेव्हां कोठारापाशीं घटकाभर थांबावें. खिशांत एक गुंज न्यावी, ती मुलाच्या तळहातावर ठेवावी आणि तिच्या अर्ध्या वजनानें दूरवर काय घडूं शकतें, तें त्यास समजावून सांगावें. दशरथाची गोष्ट त्यानंतर सांगावी.