नाकातली नळी आणि सोबतचं माणूस

तोंडाच्या कॅन्सरवरचं रेडिएशन, रुग्णांच्या बोलीत 'लाईट', मशीनवर काही मिनिटांत उरकतं. पण आठवड्यातले पाच दिवस, असे सहा-सात आठवडे ते घ्यावं लागतं. सुरगाणा-पेठच्या पाड्यावरून नाशिकला आलेल्या माणसानं तेवढे दिवस राहायचं कुठे? सोबत आलेल्या बायकोची बुडालेली मजुरी कोण भरून देणार?

स्थलांतरित म्हटलं की अंबड-सातपूरच्या कारखान्यांतले बिहार-उत्तर प्रदेशचे कामगार आठवतात. द्राक्षबागांत मजुरीला येणारी आदिवासी कुटुंबं जिल्ह्यातलीच, म्हणून नजरेतून सुटतात. भोजपुरी बोलणारा असो की कोकणा बोलणारी आजी, डॉक्टरांचं इंग्रजीमिश्रित मराठी दोघांनाही परकंच. समोरच्यानं मान हलवली म्हणजे त्याला कळलं असं नव्हे, हे समुपदेशनाच्या कामात मला हळूहळू उमगलं.

गिळता येईनासं झालं की नाकातून नळी घालतात आणि खरी परीक्षा सोबतच्या माणसाची सुरू होते. नाचणीची पेज पातळ करायची, गाळायची, कोमट झाली की रुग्णाला बसतं करून सावकाश सोडायची. मागून स्वच्छ पाणी सोडून नळी धुवायची, नंतर निदान अर्धा तास त्याला आडवं होऊ द्यायचं नाही. पेज गाळली नाही तर नळी तुंबते. आडवं ठेवून दिली तर पेज फुप्फुसात जाण्याची भीती. हे सगळं डिस्चार्जच्या घाईत एकदाच सांगितलं जातं, तेही जिथे उतरलाय तिथे चूल नसलेल्या माणसाला.

मुंबईत टाटा मेमोरियल १९४१ साली परळला उभं राहिलं. बाहेरगावच्या रुग्णांना आसरा इतरांनीही दिला: दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेनं, परळच्या नाना पालकर स्मृती समितीनं. २००६ पासून सेंट ज्यूडची केंद्रं कॅन्सरग्रस्त मुलांना आईबापासह ठेवून घेतात. तिथे प्रत्येक कुटुंबाला स्वयंपाकाची सोय असते. गाडगेबाबांनी नाशिकलाही धर्मशाळा बांधली होती. आज या शहराला चुलीसकट मुक्काम देणाऱ्या खोल्या हव्यात, नव्या मशीनइतक्याच तातडीनं.

रेल्वेनं सोबतचं माणूस कधीच हिशेबात धरलंय. उपचारासाठी जाताना स्लीपरमध्ये कॅन्सर रुग्णाला पूर्ण तिकीट माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. आयुष्मान भारतचं बिहारमधलं कार्डही इथल्या योजनेतल्या रुग्णालयात चालतं. पण हे कामगाराला त्याच्या भाषेत, पहिल्याच दिवशी सांगायला हवं. नाहीतर रेशनकार्ड गावाकडचं म्हणून तो खिडकीवरूनच परततो.

गावाहून भाऊ येईपर्यंत आजारी कामगाराजवळ बसतो तो खोलीतला जोडीदार, रात्रपाळी करून आलेला. नळी कशी धुवायची ते शिकवायचं तर त्यालाच. फॉर्मवरच्या 'रुग्णाशी नातं' या रकान्यात काय लिहायचं, असं विचारलं की तो म्हणतो, "गाँववाला लिख दीजिए."