चिंचवड ते पाले : सायकलवरून नाणे मावळात

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उपाश्रयातून साध्वीजींचा विहार सुरू होतो. माझी सायकलही त्याच सुमारास जिन्याखालून बाहेर निघते. चार महिन्यांची धूळ पुसायची, साखळीला तेल द्यायचे, चाकांत हवा भरायची. हा योगायोग नव्हे. त्यामागचे कारण योग्य ठिकाणी सांगेन.

चिंचवड-आकुर्डीच्या रहिवाशाला सह्याद्री दूर नाही, हे आपण विसरून गेलो आहोत. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून जुन्या मुंबई रस्त्याला लागावे. देहूरोड, सोमाटणे, तळेगाव, वडगाव, कान्हे ही गावे ओलांडून कामशेत गाठावे. तेथे उजवीकडे वळून, रेल्वेमार्ग व इंद्रायणी पार करून नाणे मावळात शिरावे. पुढे पाले हे गाव लागते. जाण्याचा हा पल्ला साधारण 35 किलोमीटरचा. चारचाकीने तासाभरात संपणारा हा प्रवास सायकलने निम्मा दिवस मागतो. आपल्या परंपरेतील एक अतिशय जुना शिलालेख या गावाच्या डोंगरात आहे आणि मी तेथे जातो तो त्याच्यासाठी.

मार्गशीर्षात सूर्योदय सातच्या सुमारास होतो. साडेसहाला, रस्ता दिसू लागताच निघालो की पावणेआठ-आठपर्यंत वडगाव येते आणि नवकारशीची वेळही तेथेच भरते. खाकरा आणि गुळपापडी एवढी शिदोरी पुरते. सोबतचे पाणी पहाटे उकळून घेतलेले असते. हिवाळ्यात अशा पाण्याची मर्यादा चार प्रहरांची, म्हणजे ते सायंकाळपर्यंत निभावते, आणि तोवर चौविहाराची वेळ होते. सायकलस्वाराचा दिवस आणि श्रावकाचा दिवस एकमेकांत इतके सहज बसतात, हे मला स्वतः करून पाहीपर्यंत सुचले नव्हते.

या वाटेवरचा खरा चढ मात्र डोंगरात नाही. तो तळेगावपर्यंतच्या सपाट रस्त्यावर आहे. डावीउजवीकडे कारखाने, गोदामे आणि नव्या इमारती. पाठीमागून येणारे कंटेनर. आणि नव्या मोटारी दोन मजल्यांवर लादून नेणारे लांबलचक ट्रेलर. यांतील कित्येक तळेगावपाशी चाकणकडे वळतात. देहूमार्गे आतून जावे म्हटले, तरी इंदोरीपाशी तळेगाव-चाकण रस्ता गाठावाच लागतो आणि तो तर याहून अरुंद. उजव्या हाताला भंडारा डोंगर, जेथे तुकोबा एकांतासाठी जात, आणि खाली भोंग्यांचा अखंड कल्लोळ! एकदा सोमाटण्याच्या अलीकडे एक मालवाहू गाडी इतक्या जवळून गेली की तिच्या वाऱ्यानेच मी रस्त्याच्या कडेच्या खडीत उतरलो. कोपर खरचटले, एवढ्यावर निभावले. पण त्या दिवशी प्रथमच माझ्या लक्षात आले की याच कडेने, याच हातभर जागेतून, आपल्या साध्वीजी चालतात. विहारात वाहनाचा धक्का लागून साधुसाध्वी कालधर्म पावल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. ती जागा किती अरुंद आहे, हे मोटारीच्या काचेआडून दिसत नाही.

वडगावात थोडे थांबावे. जानेवारी 1779 मध्ये महादजी शिंदे यांच्या सेनेने इंग्रजांना येथे कोंडले आणि तह करावयास लावले. आज गावाचे नाव अनेकांना ठाऊक असते ते भातामुळे : घराघरांत शिजणारा इंद्रायणी तांदूळ वडगावच्याच कृषी संशोधन केंद्राने विकसित केला आहे. मार्गशीर्षात कापणी उरकलेली असते. खळ्यांवर पेंढ्याच्या गंजी रचलेल्या असतात आणि ओल्या पेंढ्याचा गोडसर वास कामशेतपर्यंत सोबत करतो.

कान्हे सोडल्यावर कामशेतच्या खिंडीचा चढ सुरू होतो आणि मला दरवेळी एका फ्रेंच गृहस्थाची आठवण येते. पॉल द व्हिव्ही हे त्यांचे नाव. ते लिहीत ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने. फ्रान्समधील सँत-एतिएन या औद्योगिक नगरात ते राहत. शस्त्रे, फिती आणि सायकली बनविणारे ते शहर म्हणजे त्या काळचे जणू तेथील पिंपरी-चिंचवड, आणि शहर संपताच डोंगर सुरू होत. 1887 मध्ये त्यांनी सायकलविषयक नियतकालिक काढले. डोंगराळ ग्रामीण भागांतून दूरवर, घाई न करता सायकलने हिंडण्याची जी रीत आज फ्रान्समध्ये रुजली आहे, तिच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते. चढावर पायांना सोसेल असा वेग निवडता यावा म्हणून त्यांनी गिअरचा हिरिरीने पुरस्कार केला. त्या वेळी त्याची थट्टा झाली. टूर द फ्रान्स शर्यतीचे संस्थापक हेन्री देग्रांज यांच्या मते असले गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी होते, आणि त्या शर्यतीत साखळी बदलणाऱ्या गिअरला मुभा मिळाली ती थेट 1937 मध्ये. मी पंचेचाळिशी केव्हाच ओलांडली आहे. तेव्हा माझ्या गिअरना देग्रांजसाहेबांचीही हरकत नसावी.

व्हेलोसिओ मला जवळचे वाटतात ते आणखी एका कारणाने. हा माणूस शाकाहारी होता. भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे, थकण्यापूर्वी थांबावे, प्रवासात मद्य-मांस-तंबाखू वर्ज्य करावेत आणि केवळ मिरवण्यासाठी सायकल दामटू नये, अशा आशयाचे नियम त्यांनी सायकलस्वारांना घालून दिले. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितल्यासारखेच हे वाटते. त्यांचा व्यवसाय मात्र रेशमाचा होता. तेथे आपले मन अडखळते. 1930 मध्ये, रस्त्यावर सायकल हातात धरून चाललेले असताना, ट्रामच्या धडकेने त्यांचा अंत झाला. सँत-एतिएनजवळच्या 1161 मीटर उंचीच्या खिंडीत त्यांचे स्मारक आहे. कामशेतच्या खिंडीत उभा राहून मी भूक लागण्यापूर्वी एक खाकरा खातो आणि पुढे निघतो.

आता पावसाळ्याविषयी. मावळात सायकल चालविण्याचा खरा हंगाम आषाढ-श्रावण, असे कोणीही सांगेल. आणि ते खरेच आहे. डोंगर हिरवे होतात, धबधबे कोसळतात, ऊन नसते. मीही जात असे. काही वर्षांपूर्वी आषाढात, नाण्याच्या पुढे, पावसाने धुतलेल्या रस्त्यावर चाकाखाली काहीतरी कडकन मोडले. थांबून पाहिले तर खेकडा. मान वर करून पुढे पाहिले आणि मग सगळाच रस्ता दिसू लागला : एका भातखाचरातून दुसऱ्या खाचरात निघालेले लहान-मोठे खेकडे, गोगलगायी, वेटोळी झालेले वाणी किडे, गवताच्या कडेला मखमली लाल मृगकिडे. आधीच्या सात-आठ किलोमीटरांत मी यांतील किती चिरडले असतील, याचा हिशेब करवेना. सायकल हातात घेऊन चालू लागलो, तर पाऊल ठेवतानाही तीच पंचाईत.

ईर्यासमितीचा अर्थ मला पाठशाळेत शिकविला गेला होता : पुढची चार हात भूमी नीट निरखून पाऊल टाकावे. परीक्षेत मी तो बरोबर लिहिलाही असेल. साधुसाध्वी पावसाळ्याचे चार महिने एका ठिकाणी का थांबतात, याचे उत्तर त्या आषाढात, मोडलेल्या कवचाच्या आवाजाने दिले. तेव्हापासून आषाढी चतुर्दशी ते कार्तिकी पौर्णिमा माझी सायकल जिन्याखाली राहते. मित्र म्हणतात, याच चार महिन्यांत तुम्ही कामाला मोटारीने जाता, तिच्या चाकांखाली काय मरत नाही? हा प्रश्न रास्त आहे. त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. मोटारीत तो आवाज ऐकू येत नाही, इतकेच मी सांगू शकतो आणि ते उत्तर नव्हे, हेही मला कळते.

नाण्यापुढचा रस्ता शांत आहे. एखादी दुचाकी, शाळेची मुले, बैलांची जोडी. पाले गावात सायकल ओळखीच्या अंगणात लावावी आणि डोंगर पायी चढावा. कार्ले-भाज्याच्या भव्य चैत्यगृहांची अपेक्षा मनात ठेवून कोणी येऊ नये. येथे आहे ते एक साधे लेणे आणि त्याच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतील लहानसा लेख. डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी त्याचे वाचन प्रसिद्ध केले. लेखाचा प्रारंभ अरहंतांना केलेल्या नमस्काराने होतो. आपल्या लेकरांना बोबड्या वयात आपण जे पहिले पद शिकवितो, तेच हे, दोन हजार वर्षांहून अधिक काळ पाषाणावर टिकलेले. याच आधारे अभ्यासकांनी हे लेणे जैन मानले असून महाराष्ट्रातील जैन लेखांत त्याला अग्रस्थान दिले आहे.

लेख पुढे काय सांगतो? भदंत इंद्ररक्षित यांनी आपल्या सहकाऱ्यांसह हे लेणे आणि पाण्याची ‘पोढी’, म्हणजे टाके, करविले. बस्स, एवढेच. 2019 मध्ये लोहगडाच्या परिसरातील एका लेण्यात अशाच नमस्काराने सुरू होणारा लेख प्रकाशात आला. त्यातही इंद्ररक्षिताचे नाव आहे आणि तेथेही पाण्याच्या टाक्याचा उल्लेख आहे. मधे इंद्रायणीचे खोरे, अलीकडे-पलीकडे दोन डोंगर, आणि दोन्हीकडे एकाच नावाने केलेली सोय : डोक्यावर छप्पर आणि प्यायला पाणी. लेण्याच्या तोंडाशी बसून मी पहिल्यांदा हे मनात जुळविले, तेव्हा खोऱ्यातल्या त्या खेकड्याची आठवण झाली. मी सायकल जिन्याखाली ठेवतो, त्या चार महिन्यांत श्रमणांना थांबता यावे म्हणूनच तर अशा कातळातल्या खोल्या खोदल्या जात.

दुपारी दोनला परत निघालो तर सहाच्या आत घर येते. गेल्या मार्गशीर्षात परतताना सोमाटण्याच्या अलीकडे चार साध्वीजींचा विहार भेटला. पुढे-मागे चमकत्या पट्ट्यांची जाकिटे घातलेली विहारसेवेतील तरुण मुले होती. मी उतरून वंदन केले. थोरल्या महाराजसाहेबांनी विचारले, “कोठून येता?” मी पाल्याचे नाव सांगितले, लेखाविषयी सांगितले. त्या थांबल्या. “कामशेतहून किती?” अंतर सांगितले. “मुक्कामाला जागा?” गावात विचारून सांगतो म्हणालो. मग त्यांनी विचारले, “रस्ता पायाला कसा आहे? कडेला माती आहे का?”

मला सांगता येईना. चढ कोठे आहे, उतार कोठे आहे, कोणत्या वळणावर कोणता गिअर घ्यावा, हे सारे मला पाठ होते. त्यांच्या पायांत काहीच नव्हते.

पुढच्या रविवारी मी कामशेतला चपला पिशवीत टाकल्या आणि सायकल हाताने ढकलत पाल्यापर्यंत अनवाणी चाललो. डांबरातून खडी कोठे वर आली आहे, कडेची मऊ माती कोठून कोठपर्यंत मिळते, सावलीची झाडे कोणत्या बाजूला आहेत आणि कोणत्या अंगणात उकळलेले पाणी मिळू शकेल, हे सारे वहीच्या दीड पानात लिहिले आणि ते पान उपाश्रयात नेऊन दिले.