हिमालयातला सोनचाफ्याचा भाऊबंद

सोनचाफ्याचं फूल ओंजळीत घेऊन त्याचा वास घेतला नाही, असं मराठी घर विरळाच. याच सोनचाफ्याचा एक भाऊबंद पूर्व हिमालयात राहतो. त्याचं नाव मॅग्नोलिया कॅम्पबेली. दार्जिलिंग-सिक्कीमला जाणार असाल तर मार्च-एप्रिलमध्ये जा, कारण तेव्हाच तो फुललेला दिसतो.

कुठे पाहाल?

साधारण २,००० ते ३,००० मीटर उंचीवरच्या दमट, धुकट जंगलात हे झाड वाढतं. दार्जिलिंगहून जीपने मानेभंजनला पोहोचा. तिथून वाटाड्या घेऊन चित्रे, मेघमामार्गे टोंगलूच्या चढाला लागा. चालणं झेपत नसेल तर मानेभंजनच्या प्रसिद्ध जुन्या लँड रोव्हर गाड्या आहेतच. सकाळी लवकर निघा, दुपारी धुकं उतरलं की समोरचं झाडही दिसत नाही.

कसं ओळखाल?

याच दिवसांत गुरांस म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनही फुललेला असतो, त्यामुळे लांबून गोंधळ होतो. पण गुरांसला फुलांबरोबर पानं असतात आणि फुलं गुच्छात येतात. मॅग्नोलिया मात्र निष्पर्ण असतो आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला एकच फूल असतं. फूल केवढं? २० ते २५ सेंटिमीटर! आतल्या पाकळ्या कपासारख्या उभ्या, बाहेरच्या बशीसारख्या पसरलेल्या. चित्रांत तो गुलाबी दिसतो, पण इथल्या जंगलात बहुतेक झाडं पांढरी असतात.

फुलांचा मोसम हुकला तरी हिरमुसू नका. कोवळी डहाळी नीट पाहा. पानाच्या देठापाशी तिच्याभोवती अंगठीसारखी एक रेघ दिसेल. शरद ऋतूत कणसासारख्या फळातून लाल बिया डोकावतात. घराजवळच्या सोनचाफ्यावरही या दोन्ही खुणा सापडतील. देवचाफ्यावर शोधू नका. तो नावाचाच चाफा, मूळचा अमेरिकेचा.

फूल झाडावरच राहू द्या

या झाडाला दार्जिलिंगचे अधीक्षक आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांचं नाव १८५५ मध्ये मिळालं. त्याच काळात तिथे चहाचे मळे वाढत गेले. याचं लाकूड फळ्यांसाठी आणि चहाच्या खोक्यांसाठी कापलं गेलं. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला २०-३० वर्षं लागू शकतात. म्हणजे आज तुटलेल्या झाडाच्या जागी लावलेल्या रोपाचं फूल तुमची मुलं मोठी झाल्यावरच पाहतील.

म्हणून फोटो भरपूर काढा, खाली पडलेल्या पाकळ्या मुलांच्या हातात द्या, पण फांदी वाकवू नका. मुलांना डहाळीवरची अंगठी शोधायला सांगा. एकदा ती ओळखता आली, की हे झाड ती कधीच विसरणार नाहीत.