गाडीची किंमत आणि गाडीचा खर्च

गाडी व्याजाच्या कर्जावर घ्यायची नाही, हे आमच्या घरात ठरलेले आहे. दरमहा थोडे बाजूला टाकायचे आणि रोखीने जमेल ती घ्यायची. साठवलेली रक्कम निसाबाइतकी होऊन वर्ष उलटले, तर तिची जकातही आम्ही देतो. अशा पैशाने गाडी घेताना किमतीबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: पाच वर्षांनी यातले परत किती येणार?

विमा कंपन्या गाडीचे मूल्य ठरवताना दुसऱ्या वर्षी 20, तिसऱ्या वर्षी 30, चौथ्या वर्षी 40 आणि पाचव्या वर्षी 50 टक्के घट धरतात. बाजारभाव त्याहून कमी-जास्त असतो, पण दिशा तीच. म्हणून आम्ही तीन वर्षे वापरलेली छोटी गाडी घेतो. सुरुवातीची मोठी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते.

मॉडेल निवडताना अब्बांचा निकष साधा आहे: तालुक्याच्या गावात तिचा पार्ट मिळतो का? वॅगन-आर 1999 पासून आणि आल्टो 2000 पासून रस्त्यावर आहे. त्यांचा मिस्त्री कुठेही सापडतो, म्हणून गिऱ्हाईकही सापडते. शेव्हरोलेने 2017 मध्ये भारतातली विक्री थांबवली, फोर्डने 2021 मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. बीट किंवा फिगो चांगली चालत असली तरी घेणारा बिचकतो. अशी गाडी स्वस्तात मिळते, पण विकतानाही स्वस्तातच जाते. शेवटपर्यंत वापरणार असाल तरच तो सौदा परवडतो.

मागची गाडी आम्ही 3,60,000 रुपयांना घेतली आणि पाच वर्षांनी 2,10,000 ला विकली. म्हणजे वर्षाला 30,000 रुपये घट. त्यावर विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी आणि पेट्रोल. वर्षाला 10,000 किलोमीटर चालवली आणि पेट्रोल लिटरला 100 रुपये धरले, तर 20 च्या अॅव्हरेजला 50,000 रुपये लागतात, 15 च्या अॅव्हरेजला सुमारे 66,700. फरक जवळजवळ 17,000 चा, तोही दरवर्षी. खरेदीच्या वेळी चार-पाच हजारांसाठी घासाघीस करणारे आपण हा हिशेब मात्र मांडत नाही.

ती गाडी विकताना क्लच घसरू लागला होता आणि डावा दरवाजा एकदा रंगवलेला होता. एजंट म्हणाला, पॉलिश मारा आणि गप्प राहा. अम्मींना ते मान्य नव्हते. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली. भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. गाडीचा क्लच म्हणजे राशीतली ओलच. आम्ही दोन्ही गोष्टी गिऱ्हाइकाला सांगितल्या. त्याने 12,000 रुपये कमी केले. घरखर्चाच्या वहीत ती रक्कम मोठी होती. पण तो तरुणही बहिणीच्या लग्नातून उरलेली पुंजी घेऊन आला होता. ते 12,000 आमचे नव्हतेच. वर सांगितलेले 2,10,000 ते वजा करूनच मिळालेले आहेत.

विकणाऱ्यांनी दोन गोष्टी विसरू नयेत. फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी नव्या मालकाच्या नावावर होईपर्यंत पाठपुरावा करावा. आरसीवर आपले नाव राहिले, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आपल्यावर येऊ शकते. दुसरे, विम्याचा नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. तो 50 टक्क्यांपर्यंत जातो आणि पुढच्या गाडीच्या विम्यात वापरता येतो. दाखला मागून घ्यावा. हलाल कमाईचा रुपया सोडू नये, आणि दुसऱ्याचा ठेवू नये.