१५ रुपये ९० पैसे

३ मे २०२५, शनिवार
स्टेट बँकेचा निकाल आला. शेअरमागे १५ रुपये ९० पैसे डिव्हिडंड. रेकॉर्ड डेट, म्हणजे शेअर कुणाच्या नावावर ते बघायचा दिवस, १६ मे; पैसे ३० मेला. रात्रीपर्यंत आमच्या सिडकोतल्या गल्लीत तिघांनी विचारलं, "आता घेतला तं मिळंल का?"
१५ तारखेपर्यंत घेतला तर मिळेल.

४ मे
मोबाइलवर फिरतंय : "१५९० टक्के लाभांश!" आकडा खरा आहे. शेअरची दर्शनी किंमत १ रुपया. २०१४ साली दहाचा एक केला. पण विकत घेणारा ८०० च्या आसपास मोजतो. ८०० वर १५.९० म्हणजे जेमतेम दोन टक्के. हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायला हवेत.

६ मे
समोरच्या घरातले निवृत्त सर वही घेऊन आले. बेत असा : १५ तारखेच्या गुरुवारी १०० शेअर घ्यायचे, शुक्रवारी सकाळी विकायचे, ३० तारखेला १,५९० खात्यात.
नियमात बसतं. २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्याच शेअरचा व्यवहार दुसऱ्या दिवशी पुरा होतो. गुरुवारी घेतलेले शेअर शुक्रवारी डीमॅटला जमा. शुक्रवारी सव्वानऊला विकले, तरी त्या दिवशी नाव आपलंच. डिव्हिडंड आपला.
शुक्रवारी भाव कितीला उघडेल, ते वहीत लिहिलं नव्हतं.

७ मे
मोसंबीवाला पाचोडचा. त्याला सरांचा बेत सांगितला. शेअर त्याने आयुष्यात घेतलेला नाही. पिशवी भरता भरता म्हणाला, "फळासकट बाग घेतली, दुसऱ्या दिवशी फळ तोडून घेतलं. मग त्याच बागेला कालचा भाव कोण देईल?"

८ मे
हेच माझ्या शब्दांत. १५ रुपये ९० पैसे बँकेच्या तिजोरीतून बाहेर जाणार. १६ तारखेला शेअर घेणाऱ्याला ते मिळणार नाहीत, म्हणून तो तेवढे कमी देतो. नेमके तेवढेच असं नाही. त्या दिवशीचा बाजार वेगळा ओढतो. पण ओढ तिकडेच.

९ मे
सीमेवरच्या लढाईच्या बातम्या. बाजार पडला. सिडकोत आज नळाला पाणी. निम्मी गल्ली टाक्यांपाशी, निम्मी टीव्हीपुढे.

१२ मे
शस्त्रसंधीनंतरचा पहिला सोमवार. निफ्टी एका दिवसात ९१६ अंकांनी वर, म्हणजे पावणेचार टक्क्यांहून जास्त. दोन टक्क्यांसाठी आपण आठवडाभर तारखा मोजतोय.

१३ मे
आईचं जुनं पासबुक सापडलं. निळसर पुठ्ठा, वर 'स्टेट बँक ऑफ हैदराबाद'. निजामाच्या राज्यात १९४१ च्या कायद्याने उभी राहिलेली बँक. हाली सिक्क्याचा, म्हणजे निजामाच्या चलनाचा, कारभार तिच्याकडे होता. १ एप्रिल २०१७ ला ती स्टेट बँकेत विलीन झाली. आई अजून 'एसबीएच'च म्हणते.
विलीनीकरणाच्या त्याच आर्थिक वर्षात स्टेट बँकेला ६,५४७ कोटींचा तोटा झाला. त्या वर्षाचा डिव्हिडंड नाही, पुढच्याचा नाही, त्याच्या पुढच्याचाही नाही. मग ४ रुपये. ७.१०. ११.३०. १३.७०. आता १५.९०.
हा चढ ज्यांनी धरून ठेवला त्यांचा आहे. सरांना हीच ओळ दाखवायची.

१४ मे
सरांसोबत हिशेब. त्यांच्याच वहीत, त्यांच्याच पेनाने.
१०० शेअर, ८०० ने : ८०,०००.
डिव्हिडंड : १,५९०.
भाव तेवढाच उतरला, तर विक्रीत तोटा : १,५९०.
एसटीटी, म्हणजे व्यवहारावरचा कर, घेताना ८०, विकताना ७८.
स्टॅम्प ड्युटी १२. दलाली आणि डीपीचं शुल्क वेगळं.
कर बसत नसेल त्याचे १७० गेले. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असेल त्याला डिव्हिडंडवर आणखी ४७७. एकूण ६४७, सेस सोडून.
सर तोट्याच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हा तोटा डिव्हिडंडातून वजा करू की."
होत नाही. तो भांडवली नफ्यातूनच वजा होतो. असा नफा नसेल तर विवरणपत्र वेळेत भरायचं आणि तोटा आठ वर्षं पुढे ओढायचा.
सरांनी पेनाचं टोपण लावलं.

१४ मे, रात्री
ही युक्ती जुनी आहे आणि एके काळी तिच्यात कस होता. ३१ मार्च २०२० पर्यंत डिव्हिडंडवरचा कर कंपनी भरायची, साध्या भागधारकाच्या हाती तो करमुक्त यायचा. बिनकराचा डिव्हिडंड घ्यायचा आणि विक्रीतला तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करायचा. हे थांबवायला आयकरात कलम ९४(७) होतं : आधीच्या तीन महिन्यांत घेतलेला शेअर नंतरच्या तीन महिन्यांत विकला, तर करमुक्त डिव्हिडंडाएवढा तोटा धरायचा नाही.
आता डिव्हिडंडच करपात्र. युक्तीतला जीव गेला, नाव फिरतंय.

१५ मे
डिव्हिडंडवरच्या टीडीएसची, म्हणजे आधीच कापून घ्यायच्या कराची, मर्यादा या एप्रिलपासून ५,००० ची १०,००० झाली. १,५९० वर कपात नाही. कपात नाही म्हणजे कर नाही, असं धरून चालणारे मला याच आठवड्यात दोघे भेटले. त्यातला एक चार्टर्ड अकाउंटंटकडे कामाला आहे.

१५ मे, दुपारी
वाळूजच्या कारखान्यातला ओळखीचा मुलगा. ब्रोकरकडून उसनवारीवर ४०० शेअर घेतोय. व्याज रोजचं. त्या व्याजातलं डिव्हिडंडाच्या २० टक्क्यांपर्यंतचंच करात वजा मिळतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. थांबवायचा प्रयत्न केला. फोनवर बटण दाबून झालं होतं.
पगार २२ हजार आहे त्याचा. आज रात्री डोळा लागणार नाही मला.

१६ मे
सरांनी काल घेतले, पण १०० नाही, २०. विकायला आले नाहीत. दार वाजवलं तर गच्चीवर शेवग्याच्या शेंगा तोडत होते.
"विकले?"
"राहू द्या. चार रुपयांपासून सोळापर्यंत आली ना ती डिव्हिडंडाची ओळ."

३० मे
बँकेतलं पासबुक छापायचं यंत्र आज चालू होतं. सरांच्या पानावर एकच नवी ओळ : ३१८.००. दोनदा बोट फिरवलं त्यांनी तिच्यावर.

जून
वर्तमानपत्रात फोटो : स्टेट बँकेने केंद्र सरकारला डिव्हिडंडाचा धनादेश दिला, ८,०७६.८४ कोटी. भागून पाहिलं. सुमारे ५०८ कोटी शेअर, दर तोच, १५.९०.

जून, पुन्हा
वाळूजचा मुलगा जिन्यात उभा. "काका, बजाज ऑटो शेअरमागे २१० देतंय. रेकॉर्ड डेट २० जून."
म्हटलं, वर ये. सरांची वही मागवून घेतो.