रजिस्टरातला पाचवा रकाना

आम्हा बडोदेकरांना वाचनालयाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर मोफत वाचनालयं उभारायला घेतली. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरल्या. पुस्तक कोणी वाचावं याला मज्जाव नाही, हे आम्ही घरातूनच शिकलो.

साधारण 2009 मध्ये आमच्या छोट्या मराठी वाचनालयात इंटरनेटचे दोन कॉम्प्युटर आले आणि ते सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मशीन दोन, रांग मोठी. प्रत्येकाला अर्धा तास. परीक्षेचा किंवा नोकरीचा फॉर्म भरणाऱ्याला मात्र पंधरा मिनिटं जास्त, कारण शेवटच्या पानावर उठवलं तर बिचाऱ्याला सगळं पहिल्यापासून भरावं लागायचं. रजिस्टरात चार रकाने: नाव, सभासद क्रमांक, आल्याची वेळ, गेल्याची वेळ.

कमिटीतल्या एका काकांनी पाचवा सुचवला: "काय पाहिलं". पोरं भलतंसलतं बघतील, ही त्यांची काळजी काही खोटी नव्हती.

मी म्हटलं, "काका, मुलांच्या मशीनचा स्क्रीन माझ्या टेबलाकडे वळवू. पण हा रकाना नको. रजिस्टर उघडं पडलेलं असतं, पुढचा माणूस मागच्याचं वाचतो. आपली वस्ती केवढी, सगळे एकमेकांना ओळखतात."

"लपवण्यासारखं काय असतं एवढं?" काका म्हणाले. पण रकाना काही आखला गेला नाही.

त्याच वर्षी एक वहिनी आठवडाभर रोज कोपऱ्यातल्या मशीनवर बसायच्या. पहिल्या दिवशी उठताना हळूच म्हणाल्या, "भाऊ, मी काय बघितलं ते यात राहतं का हो?" मी कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबून हिस्टरी कशी पुसायची ते दाखवलं. बाकी काही विचारलं नाही.

पुढे कित्येक महिन्यांनी त्यांनीच सांगितलं. छातीत गाठ लागली होती, घरात कोणाला बोलल्या नव्हत्या. वाचून कळलं की अंगावर काढायचं नाही, मग डॉक्टरांकडे गेल्या. वेळेवर उपचार झाले. "लिहून द्यावं लागलं असतं तर मी खुर्चीत बसलेच नसते," म्हणाल्या. त्यांची परवानगी घेऊनच हे लिहितोय.

आता फोन प्रत्येकाच्या हातात आहे. तरी फॉर्म भरायला, पेन्शनचं काम करायला लोक अजून वाचनालयात येतात. कोण आलं आणि किती वेळ बसलं, एवढी नोंद व्यवस्थेला पुरते. काय वाचलं, ते ज्याचं त्याच्यापाशी राहू द्यावं.

तुमच्याकडे, इंदूर, बेळगाव, हैदराबादला, हे कसं सांभाळायचे? जरूर लिहा.